एमएलक्यू ५एक्स: सैनिकाचं वय आणि नेतृत्वाबद्दलची मतं तपासायला ही प्रश्नावली कितपत कामाची?

तरुण जवानाला जसा अधिकारी हवा असतो, तसाच चाळिशीतल्या सार्जंटला हवा असतो का? या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत हवं असलं की सैन्याचा अभ्यास करणारे बरेच जण एकाच प्रश्नावलीकडे वळतात. तिचं नाव मल्टिफॅक्टर लीडरशिप क्वेश्चनेअर, सगळे तिला एमएलक्यू म्हणतात. सध्या चालते ती ५एक्स ही छोटी आवृत्ती, आणि माइंड गार्डन ही प्रकाशन संस्था तिचे परवाने विकते. नेत्याचं वागणं टिपायला ती चांगली आहे. वय आणि मतं यांचा संबंध शोधायला मात्र ती जशी येते तशी वापरली, तर बहुतेक वेळा वयाच्या नावाखाली हुद्दा मोजला जातो. हे का होतं आणि प्रश्नावलीला काय जोड दिली की टळतं, याचाच विचार या परीक्षणात जास्त आहे.

आधी मिळतं काय ते पाहू. भरायचे दोन अर्ज असतात. एक नेता स्वतःबद्दल भरतो, दुसरा त्याच्या हाताखालचे, बरोबरीचे किंवा वरचे लोक त्याच्याबद्दल भरतात. दोन्हींत ४५ विधानं. त्यांतली ३६ नेतृत्वाची, म्हणजे नऊ उपमापनं (वागण्याच्या एकेका पैलूची छोटी मापं) आणि प्रत्येकात चार विधानं. उरलेली नऊ परिणामांची: जादा मेहनतीची तयारी ३, परिणामकारकता ४, समाधान २. प्रत्येक विधानापुढे ० ते ४ असा आकडा द्यायचा. ० म्हणजे ‘कधीच नाही’ आणि ४ म्हणजे ‘वारंवार, जवळपास नेहमीच’. भरायला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

नऊ उपमापनांपैकी पाच परिवर्तनशील नेतृत्वाची, म्हणजे माणसांची उमेद आणि विचार बदलणाऱ्या नेतृत्वाची आहेत: आदर्श प्रभाव (लोक नेत्याला काय मानतात तो एक आणि नेता प्रत्यक्ष काय करतो तो दुसरा, असे दोन), प्रेरणा, विचारांना चालना आणि व्यक्तिगत लक्ष. दोन व्यवहारप्रधान, म्हणजे देण्याघेण्यावर चालणारी आहेत: कामगिरीला जोडलेला मोबदला आणि चुकांवर सतत नजर. शेवटची दोन निष्क्रिय: बिघडल्यावरच हालचाल, आणि सरळ जबाबदारी टाळणं.

या प्रश्नावलीचं सैन्याशी नातं जन्मापासूनचं आहे. नेतृत्वाचे अभ्यासक बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये जी मूळ घटक-रचना (कोणती विधानं एकत्र जातात याची मांडणी) मांडली, तिच्यामागे अमेरिकी भूसेनेतल्या मेजर ते कर्नल दर्जाच्या अधिकाऱ्यांनी आपापल्या वरिष्ठांना दिलेले गुण होते. म्हणजे या साधनाचा पहिला साचा मध्यमवयीन, यशस्वी, बढत्या मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या नजरेतून पडला. पुढे विधानं बदलली, घटक वाढले, नमुने शेकडो ठिकाणांहून आले. तरी वयाचा प्रश्न घेऊन येणाऱ्याने हा मुद्दा विसरू नये. १९ वर्षांच्या शिपायाला नेत्यात काय दिसतं, यावर ही चौकट उभी राहिलेली नाही.

आता पहिली उणीव. गुण देणाऱ्याच्या अर्जात वयाची जागाच नाही. गुण देणारा नेत्याच्या वर आहे, बरोबरीचा आहे की खाली आहे, एवढं विचारलेलं असतं, आणि ‘सांगायचं नाही’ हाही पर्याय असतो. वय, सेवेची वर्षं, हुद्दा, भरतीच्या वेळचं वय यांचा पत्ता नाही. हे सगळं वेगळ्या पानावर घ्यावं लागतं, आणि ते पान विधानांच्या आधी नको, शेवटी हवं. सुरुवातीलाच वय आणि हुद्दा लिहायला लावला की माणूस सावध होतो आणि पुढची सगळी उत्तरं त्या सावधपणातून येतात.

त्या पानावर किमान पाच गोष्टी हव्यात: पूर्ण वर्षांत वय, भरतीच्या वेळचं वय, आताचा हुद्दा, त्या हुद्द्यावर किती महिने झाले, आणि ज्याला गुण द्यायचे त्याच्या हाताखाली किती महिने काढले. नेत्याचं वय मात्र उत्तरदात्याला विचारू नये, लोक अंदाजाने काहीही लिहितात. ते दफ्तरातून घ्यावं. वयाचे गट आखून द्यायचा मोह टाळावा. ‘२५ ते ३४’ असा गट केला की नुकता प्रशिक्षण संपवलेला उशिरा भरती झालेला जवान आणि पंधरा वर्षं सेवा झालेला सार्जंट एकाच डब्यात बसतात. वय आकड्यातच घ्यावं आणि गट पाडायचेच असतील तर नंतर पाडावेत. फक्त एक अडचण येते: तुकडीत ४६ वर्षांचा एकच माणूस असेल तर आकडा वाचताच तो कोण हे कळतं. म्हणून भरलेले कागद तुकडीच्या कार्यालयात राहू नयेत, आणि पाचपेक्षा कमी माणसं असलेल्या कोणत्याही वयोगटाची सरासरी तुकडीला दाखवू नये.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. एमएलक्यू विचारते, ‘हा नेता असं किती वेळा वागतो?’ उत्तर म्हणजे वर्णन. वयानुसार मतं बदलतात का हा प्रश्न अपेक्षेचा आहे: ‘नेत्याने असं किती वेळा वागावं?’ समजा विशीतल्या जवानांची ‘व्यक्तिगत लक्ष’ या उपमापनावरची सरासरी २.३ आली आणि पस्तिशीपुढच्यांची २.९. यावरून काय समजायचं? तरुणांना लक्ष कमी मिळतं? की मिळतं तेवढंच, पण त्यांची मागणी मोठी आहे? की वयस्क मंडळी गुण देताना हात सैल सोडतात? वर्णनाच्या एका आकड्यातून या तिन्हींतला फरक निघत नाही. तरीही असे आकडे ‘तरुण पिढीला वेगळं नेतृत्व हवं’ या मथळ्याखाली सर्रास मांडले जातात. हा दोष विक्रेत्याचा नाही, वापरणाऱ्याचा आहे.

उपाय आहे, पण त्याने काम दुप्पट होतं. तीच विधानं दोनदा भरून घ्यायची. एकदा प्रत्यक्ष नेत्याबद्दल आणि एकदा, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ‘चांगला नेता कसा असावा’ म्हणून. एकाच बैठकीत दोन्ही घेतली तर लोक पहिल्या उत्तरांवरून दुसरी उत्तरं काढतात: जिथे २ दिले तिथे हमखास ४. सूचनेचे शब्द बदलायला प्रकाशकाची लेखी परवानगी लागते, आणि दुसऱ्या वेळच्या प्रतींचा परवानाही हिशेबात धरावा लागतो.

या बाबतीत जुनं साधन उजवं ठरतं. ओहायो स्टेट विद्यापीठातून आलेल्या लीडर बिहेवियर डिस्क्रिप्शन क्वेश्चनेअरची, म्हणजे एलबीडीक्यूची, १९५७ ची आवृत्ती ४० विधानांची आहे. त्यांतली ३० गुणांसाठी मोजली जातात: १५ कामाची आखणी करण्याबद्दल, १५ माणसांची कदर करण्याबद्दल. ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अपेक्षित’ अशा दोन्ही रूपांत ती वापरली गेली आहे. अँड्र्यू हॅल्पिन यांनी ती बी-२९ विमानांच्या कमांडरांवर लावली, आणि तिथे जे दिसलं ते आजही वयाच्या प्रत्येक अभ्यासकाने भिंतीवर लावून ठेवावं. वरिष्ठांना आखणी करणारा कमांडर पसंत होता, विमानातल्या दलाचं समाधान मात्र कदर करण्याशी जोडलेलं होतं. माणूस तोच, पण खालून आणि वरून वेगळा दिसला. सैन्यात वर असणारे बहुधा वयानेही मोठे असतात. हुद्दा न विचारता फक्त वय विचारलं असतं तर हाच निष्कर्ष ‘मोठ्या वयाच्यांना शिस्तीचा नेता आवडतो’ असा छापून आला असता.

म्हणून सगळ्यात मोठी गाठ इथे आहे. कारखान्यात किंवा कार्यालयात चाळिशीतला माणूस नव्या जागी, खालच्या पदावर रुजू होऊ शकतो. सैन्यात ते जवळपास होत नाही. बहुतेक जण ठरावीक वयोमर्यादेत, अगदी खालून आत येतात, म्हणून वय, सेवा आणि हुद्दा हातात हात घालून वाढतात. आकड्यांत सांगायचं तर दोन चलांमधला (मोजलेल्या गोष्टींमधला) सहसंबंध ०.८ असेल तर अंदाजाच्या विचरणातली, म्हणजे त्याच्या अनिश्चिततेतली, फुगवट २.८ पट होते. ०.९ ला ती ५.३ पट आणि ०.९५ ला १०.३ पट होते. जवळपास सगळे १८ ते २० या वयात भरती झाले असतील तर वय आणि सेवेची वर्षं यांच्यात ०.९५ सहज निघतो. अशा नमुन्यावर समीकरणात दोन्ही टाकली की संगणक आकडा देतो, पण दहा माणसं इकडची तिकडे झाली तरी त्या आकड्याचं चिन्ह उलटू शकतं.

यातून बाहेर पडायला सांख्यिकीपेक्षा नमुना निवडण्यात डोकं लावावं. वय आणि हुद्दा यांची जोडी जिथे तुटते तिथली माणसं मुद्दाम जास्त घ्यावीत. शिपायापासून वर येऊन अधिकारी झालेला लेफ्टनंट आणि अकादमीतून थेट आलेला लेफ्टनंट यांचा हुद्दा एक असतो, वयात दहा-बारा वर्षांचं अंतर असू शकतं. राखीव दलात एकाच हुद्द्यावर बावीसचाही सापडतो आणि अडतीसचाही. डॉक्टर, अभियंते, कायदा अधिकारी यांसारखे तज्ज्ञ उशिरा येतात. अशा प्रत्येक प्रकारातले तीस-चाळीस जण मिळाले तरी सरसकट गोळा केलेल्या पाचशे अर्जांपेक्षा जास्त कळतं. उलट टोकाला सक्तीच्या भरतीची सैन्यं आहेत. तिथे खालच्या हुद्द्यावर वयात फरकच नसतो, त्यामुळे वयाचा परिणाम शोधण्यात अर्थ नाही.

जन्मवर्षाचा गुंता वेगळाच. वय म्हणजे आजचं वर्ष वजा जन्माचं वर्ष. एकाच वेळी केलेल्या पाहणीत ‘वय वाढल्यामुळे मत बदललं’ आणि ‘त्या काळात जन्मल्यामुळे मत असं आहे’ हे वेगळं करता येत नाही. कितीही मोठा नमुना घेतला तरी नाही. त्यासाठी तीच प्रश्नावली काही वर्षांनी पुन्हा भरून घ्यावी लागते. ‘नव्या पिढीचे सैनिक’ अशा शीर्षकाचे जे अहवाल एका दिवसाच्या पाहणीवर लिहिलेले असतात, ते या कारणासाठी बाजूला ठेवले तरी चालतील.

आणि जे उरले त्यांचा प्रश्न. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने ही पद्धत सगळ्या दलांत एकसारखी केली की पुढच्या हुद्द्यासाठी दोनदा डावलल्या गेलेल्या अधिकाऱ्याला बहुतेक वेळा सेवा सोडावी लागते. इतर सैन्यांतही हुद्द्यानुसार निवृत्तीची वयं ठरलेली असतात. परिणाम असा की पंचेचाळिशीच्या गटात ज्यांचं व्यवस्थेशी जमलं तेच उरतात. नेतृत्वावर नाराज असलेले विसाव्या वर्षी नमुन्यात होते, तिशीत निघून गेले. वयाबरोबर समाधान वाढलेलं दिसतं त्यातला एक भाग या गाळणीचा आहे. सेवा सोडणाऱ्यांकडून निरोपाच्या आठवड्यात तीच प्रश्नावली भरून घेतली तर त्या भागाचा अंदाज येतो. याची सोय प्रश्नावलीच्या संचात नाही, स्वतः करावी लागते.

एक चल मात्र जवळजवळ कुणीच घेत नाही आणि ते घ्यायलाच हवं: वयाच्या मानाने हुद्दा. दुसऱ्या महायुद्धात समाजशास्त्रज्ञ सॅम्युअल स्टाउफर यांच्या संशोधन शाखेने पाच लाखांहून जास्त अमेरिकी सैनिकांची मतं गोळा केली होती. त्यात मिलिटरी पोलिसांमध्ये बढतीच्या संधी कमी होत्या तरी बढतीबद्दल समाधान जास्त होतं, आणि हवाई दलात संधी भरपूर असून तक्रार जास्त. माणूस स्वतःला शेजारच्याशी ताडून पाहतो. बत्तीस वर्षांचा कॉर्पोरल आणि बत्तीस वर्षांचा सार्जंट मेजर एकाच वयाचे, पण एकाच्या मनात ‘मी मागे राहिलो’ आणि दुसऱ्याच्या मनात ‘मी पुढे आहे’. नेत्याला दिलेल्या गुणांत ही ठसठस उतरते. मोजायला सोपं आहे: त्या हुद्द्याचं सरासरी वय काढायचं आणि माणसाचं वय त्यातून वजा करायचं. उत्तर ऋण आलं तर तो मागे आहे, धन आलं तर पुढे.

नेता आणि उत्तरदाता यांच्या वयातला फरक हा आणखी एक मुद्दा. तेवीस वर्षांचा लेफ्टनंट आणि त्याच्या हाताखाली अडतीसचा सार्जंट ही जोडी बहुतेक सैन्यांत सापडते. इथे एक चूक वारंवार होते: समीकरणात नेत्याचं वय, उत्तरदात्याचं वय आणि दोघांतला फरक, तिन्ही टाकले जातात. फरक म्हणजे पहिल्या दोघांची वजाबाकी, त्यामुळे गणितच मोडतं. दोन्ही वयं आणि त्यांचा गुणाकार ठेवावा, फरक सोडून द्यावा.

आता विधानांकडे. एमएलक्यूची खरी परीक्षा इथे आहे, कारण तेच शब्द वेगवेगळ्या वयाचे सैनिक वेगळ्या अर्थाने वाचतात.

‘कामगिरीला जोडलेला मोबदला’ घ्या. पगार आणि बढती तुकडीच्या नेत्याच्या हातात नसतात. त्याच्या हातात असतं ते रजा, पहाऱ्याची पाळी, चांगल्या कोर्ससाठी नाव आणि वार्षिक अहवालातली दोन वाक्यं. वीस वर्षांचा जवान मोबदला म्हणजे रजा समजतो, आणि ती मिळाली की नाही हे त्याला त्याच आठवड्यात कळतं. पस्तीस वर्षांचा सार्जंट मोबदला म्हणजे अहवाल समजतो, आणि तो वर्षातून एकदा लिहिला जातो. ‘किती वेळा’ या मोजपट्टीवर पहिला ३ देईल आणि दुसरा १, नेता दोघांशी सारखाच वागला तरी. हा वयाचा परिणाम नव्हे, मोबदल्याच्या वेळापत्रकाचा आहे.

‘चुकांवर सतत नजर’ हे उपमापन मूळ मांडणीत परिवर्तनशील नेतृत्वाच्या खालच्या पायरीवर येतं. कार्यालयात ते ठीक. गोळीबाराच्या मैदानावर, दारूगोळ्याच्या कोठारात, विमानाच्या देखभालीत चुकांवर नजर ठेवणारा नेता हाच चांगला नेता असतो. अनुभवी तंत्रज्ञ या विधानांना ४ देतात तेव्हा ते बहुधा कौतुक असतं. नव्या जवानाचा ४ मात्र ‘सारखा मागे लागतो’ असा असू शकतो. दोघांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर हाती काहीच येत नाही. या उपमापनाला शाखेनुसार वेगळं पाहिल्याशिवाय वयाशी जोडू नये.

सगळ्यात जास्त घसरण होते ती ‘बिघडल्यावरच हालचाल’ या उपमापनात. अनुभवी सार्जंटला उद्दिष्ट सांगून बाजूला होणारा अधिकारी हवा असतो. काय साधायचं ते वरच्याने सांगावं, कसं ते खालच्याने ठरवावं, ही आज्ञेची पद्धत जर्मन सैन्यात मुरली आणि पुढे इतरांनीही घेतली. असा अधिकारी गोष्टी सुरळीत चालल्या असताना हात घालत नाही. प्रश्नावलीच्या हिशेबात यातला काही भाग ‘निष्क्रिय’ म्हणून नोंदला जाऊ शकतो. म्हणजे सार्जंट विश्वासाचं वर्णन करतो आणि साधन ते दुर्लक्ष म्हणून मोजतं. तोच अधिकारी नव्या जवानाशी तसाच वागला तर ते खरंच दुर्लक्ष असतं, कारण त्या जवानाला अजून पुढचं पाऊल माहीत नाही. पडताळा सोपा आहे: ज्यांनी निष्क्रियतेला जास्त गुण दिले त्यांचे समाधानाच्या दोन विधानांचे गुण पाहावेत. दोन्ही जास्त असतील तर तिथे दुर्लक्ष नाही, मोकळीक आहे. हा पडताळा वयोगटानुसार लावला की बरेचसे ‘धक्कादायक’ निष्कर्ष जागेवर विरतात.

‘जबाबदारी टाळणं’ यात ही गफलत कमी होते. गरजेच्या वेळी नेता सापडत नाही, याचा अर्थ सतराव्या वर्षीही तोच आणि सत्तेचाळिसाव्या वर्षीही तोच. वयोगटांची तुलना करायला नऊंपैकी हेच उपमापन सगळ्यात भरवशाचं.

शब्दांची एक गंमतही आहे. आदर्श प्रभावाच्या विधानांत ‘मिशन’ची भाषा येते. कंपनीत तो शब्द ध्येयासाठी असतो. सैनिकासाठी मिशन म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि लेखी आदेश असलेली एक कामगिरी. जितकी सेवा जास्त, तितका हा अर्थ घट्ट. अनुवाद करताना ‘मोहीम’ लिहिलं तर घोटाळा पक्का, ‘ध्येय’ लिहिलं तर निभावतं. ‘विचारांना चालना’ या विधानांनाही सैन्यात हुद्द्याची कात्री लागते. जुन्या गृहीतकांवर प्रश्न विचारायला उत्तेजन देणं हे मेजरच्या पातळीवर रोजचं काम असतं. प्रशिक्षणातल्या जवानाला त्याचा नेता असं करतो का हे सांगायला प्रसंगच आलेला नसतो, मग तो मधला २ टाकून पुढे जातो. असे २ ओळखायचे असतील तर ‘सांगता येत नाही’ हा वेगळा रकाना हवा. तो भरला असेल तर विधान रिकामं धरायचं, शून्य नव्हे.

गुण काढणं सोपं आहे. उपमापनातल्या विधानांची बेरीज करून उत्तर दिलेल्या विधानांच्या संख्येने भागायचं. चारांपैकी एक रिकामं असेल तर तीनने भागा. दोन रिकामी असतील तर ते उपमापन त्या माणसासाठी सोडून द्या. परिवर्तनशील नेतृत्वाची पाच उपमापनं एकमेकांशी इतकी घट्ट बांधलेली असतात की ‘तरुणांना प्रेरणा हवी, वयस्कांना विचारांना चालना’ असे बारीक भेद बहुतेक नमुन्यांत टिकत नाहीत. ही टीका या साधनावर कायम होत आली आहे आणि ती रास्त आहे. पाचांची एकच सरासरी घेऊन काम करणं प्रामाणिकपणाचं.

वयोगटांची तुलना करण्याआधी मोजपट्टी सगळ्यांसाठी सारखी आहे का ते तपासणं सक्तीचं समजा. पायऱ्या तीन: घटकांची रचना सारखी, भार (विधान घटकाशी किती घट्ट जोडलेलं आहे ते) सारखे, आरंभबिंदू (घटक तेवढाच असताना विधानाला मिळणारा मूळ गुण) सारखे. दर पायरीला तुलनात्मक जुळणी निर्देशांक (मांडणी आकड्यांशी किती जुळते ते सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबायचं. भार सारखे नसतील तर संबंधांचीही तुलना करता येत नाही. आरंभबिंदू सारखे नसतील तर सरासऱ्यांची करता येत नाही. यासाठी प्रत्येक गटात दोनशेच्या आसपास माणसं असावीत, म्हणून दोन किंवा फार तर तीन वयोगट करा. पाच गट पाडणारे अहवाल ही पायरी बहुधा गाळूनच पुढे गेलेले असतात.

एका तुकडीतले पंचवीस जण एकाच नेत्याला गुण देतात तेव्हा ती पंचवीस स्वतंत्र मतं नसतात. तुकडीच्या आतलं साम्य (एका तुकडीतली मतं एकमेकांसारखी असण्याचं माप) ०.१५ असेल तर अनिश्चिततेची फुगवट १ + २४ × ०.१५, म्हणजे ४.६. पाचशे अर्ज प्रत्यक्षात जेमतेम १०९ अर्जांएवढे ठरतात. वीस तुकड्यांतून पंचवीस जण घेण्यापेक्षा पन्नास तुकड्यांतून दहा जण घ्या, अर्ज तेवढेच आणि फुगवट २.३५ वर येते.

भरून घेण्याच्या वेळीही बरंच बिघडतं. नेता खोलीत नको, त्याचा कारकूनही नको. तरुण जवान वरिष्ठाच्या सावलीत जास्त गुण देतात, आणि मग वयाचा खोटा परिणाम तयार होतो. ज्याच्या हाताखाली तीन महिनेही झाले नाहीत त्याला गुण द्यायला लावू नये. आणि कोणाला गुण द्यायचे ते नावानिशी ठरवून द्यावं. ‘तुमचा नेता’ एवढंच लिहिलं तर जवान सेक्शन कमांडर धरतो, सार्जंट कंपनी कमांडर धरतो आणि मेजर कर्नल. वयोगटानुसार वेगवेगळ्या माणसांना गुण दिले गेले हे आकड्यांवरून कधीच कळत नाही. बटालियनचा प्रमुख जवानाला महिन्यातून दोनदा परेडवर दिसतो, त्याच्या वागण्याची ‘वारंवारता’ तो कुठून सांगणार?

सैन्यात ही प्रश्नावली चालते का? चालते. अमेरिकी हलक्या पायदळाच्या ७२ प्लाटूनवर झालेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेफ्टनंट आणि सार्जंट दोघांनाही गुण दिले गेले. परिवर्तनशील नेतृत्व आणि कामगिरीला जोडलेला मोबदला, दोन्हींनी पुढच्या युद्धसरावातल्या कामगिरीचा अंदाज दिला. इस्रायली सैन्यात २००२ चा प्रयोग त्याहून कडक होता: ५४ नेते, काहींना परिवर्तनशील नेतृत्वाचं प्रशिक्षण, बाकीच्यांना नेहमीचं, आणि परिणाम त्यांच्या हाताखालच्यांवर तपासले. दोन्ही अभ्यास मजबूत आहेत. पण वयाच्या प्रश्नावर त्यांचा आधार घेऊ नये. प्लाटूनमध्ये आणि नव्या भरतीत वयाचा पसारा फार लहान असतो, आणि वय हा त्यांचा प्रश्नही नव्हता.

कोणी घ्यावी? एका संस्थेत अधिकाऱ्यांना त्यांच्या वागण्याचा आरसा दाखवायचा असेल, प्रशिक्षणाआधी आणि नंतर मोजायचं असेल, इतर सैन्यांच्या आकड्यांशी ताडायचं असेल, तर परवान्याचे पैसे वसूल होतात. वयाचाच प्रश्न असेल आणि हात आखडता असेल तर एलबीडीक्यूची दोन रूपं घ्यावीत. त्यातली भाषा जुनी आहे, दोनच घटक आहेत, पण ‘आहे’ आणि ‘असावं’ यांतला फरक ती थेट देते. मनातल्या नेत्याचं चित्रच हवं असेल तर एपिट्रोपाकी आणि मार्टिन या संशोधकांची २००४ ची २१ गुणविशेषांची यादी त्याहून आटोपशीर: हुशार, कष्टाळू, समजूतदार, हुकूमशाही वृत्तीचा असे शब्द, आणि प्रत्येक शब्द मनातल्या नेत्याला किती लागू पडतो ते सांगायचं. पाच मिनिटांत होते. पहाऱ्यावरून उतरलेल्या जवानाकडून ४५ विधानं दोनदा भरून घेण्यापेक्षा ही यादी आणि एमएलक्यूचा एकच फेरा, अशी जोडी जास्त नीट भरली जाते. तिसाव्या विधानानंतर सलग ३, ३, ३ अशी उत्तरं दिसायला लागली तर अर्ज बाजूला काढा, आणि असे अर्ज कोणत्या वयोगटात जास्त आहेत ते आधी मोजा.